वाट विचारणाऱ्याच्या नावाचा रस्ता

दोस्तांनो, ॲटलास जवळ आहे ना? मग कॅनडाचं पान उघडा. अलास्काला चिकटून युकॉन नावाचा प्रदेश दिसेल, त्यात डॉसन हे छोटंसं गाव शोधा. सापडलं? शाब्बास! आज तिथूनच आपण गाडीनं उत्तरेकडे निघणार आहोत.

डॉसनजवळून सुरू होणाऱ्या या रस्त्याचं नाव डेम्पस्टर महामार्ग. लांबी सुमारे ७४० किलोमीटर आणि जवळजवळ सगळा खडीचा! गाडीत एक नाही, दोन स्टेपन्या घ्या. पेट्रोलची टाकीही काठोकाठ भरा, कारण पुढचा पंप साधारण ३७० किलोमीटरवर आहे.

इथली जमीन खाली बारा महिने गोठलेली असते. तो बर्फ वितळला तर रस्ताच खचेल. म्हणून जमिनीवर खडीचा जाड थर घातलाय. बर्फाची लादी वितळू नये म्हणून तिच्यावर भुसा टाकतात ना, अगदी तस्संच!

वाटेत टूम्बस्टोनचे काळे सुळके लागतात, झाडं नसलेली मोकळी माळरानं लागतात. नशीब असेल तर कॅरिबू हरणांचा कळपही दिसतो. पुढे आर्क्टिक वृत्त ओलांडायचं. जूनमध्ये इथं मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही! पील आणि मॅकेंझी या नद्या उन्हाळ्यात तरीतून पार करायच्या. हिवाळ्यात मात्र गाड्या थेट गोठलेल्या पाण्यावरून जातात. मग येतं इनुविक. २०१७ पासून तिथून पुढे थेट आर्क्टिक महासागरापर्यंत रस्ता झालाय.

पण हा डेम्पस्टर कोण? ऐका तर.

डिसेंबर १९१०. पोलीस अधिकारी फिट्झजेराल्ड आणि त्याचे तीन साथीदार टपाल घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांवरून फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाले. लवकर पोचायचं म्हणून अन्न कमी घेतलं. या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या ग्विचिन लोकांपैकी एकानं काही दिवस वाट दाखवली. फिट्झजेराल्डनं त्याला पैसे देऊन परत पाठवलं. पुढे वळणाचा ओढाच सापडेना! आठवडाभर शोधून ते माघारी फिरले. अन्न संपलं, कुत्री मारून खावी लागली. शेवटी चौघंही वाटेत मरण पावले. फिट्झजेराल्ड तर फोर्ट मॅकफर्सनपासून जेमतेम ४० किलोमीटरवर होता.

फेब्रुवारी १९११ च्या अखेरीस त्यांना शोधायला डॉसनहून डेम्पस्टर निघाला. त्यानं चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या सोबत घेतला. मार्चमध्ये चौघांचा दुर्दैवी शेवट उलगडला. पण डेम्पस्टरची तुकडी सुखरूप पोचली. त्यानंतरच्या गस्तीबरोबर स्थानिक वाटाड्या न्यायचा, वाटेत शिधा साठवून ठेवायचा, असं ठरलं.

बघा, धाडस चौघांकडेही होतंच की! कमी पडला तो वाट माहीत असलेला माणूस. तेव्हा नव्या गावी गेलात, की तिथल्या एखाद्या आजोबांना बिनधास्त विचारा, "आजोबा, ही वाट कुठं जाते हो?" त्यात कसला आलाय कमीपणा?

चला तर, भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या वाटेवर!