उघड्या मुठीचा डॉस

बारावीचे निकाल लागले की वस्तीतून एक प्रश्न हमखास येतो. मुलीला कॉम्प्युटर सायन्सला घातले आहे, लॅपटॉप घ्यायचा आहे, आणि दुकानदार दोन किमती सांगतो आहे. लॅपटॉप एकाच बनावटीचा, पण एक काही हजार रुपयांनी स्वस्त. स्वस्त असलेल्या खोक्यावर 'फ्रीडॉस' किंवा नुसतेच 'डॉस' असे लिहिलेले. आई-वडील घाबरतात. माल खराब तर नाही ना, कोणी परत केलेला तर नाही ना, असे विचारतात.

माल खराब नाही. त्या लॅपटॉपमध्ये विंडोज घातलेले नाही, म्हणून विंडोजची किंमत त्यात धरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग तो डॉस कशासाठी? त्याची गोष्ट मजेची आहे. 2002 च्या सुमारास अमेरिकेतल्या डेल कंपनीला विंडोजशिवाय कॉम्प्युटर विकायचे होते. पण मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारामुळे ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय कोरे यंत्र विकता येत नव्हते. तेव्हा डेलने खोक्यात फ्रीडॉसची डिस्क टाकली. नियम पाळला गेला आणि किंमतही उतरली. पुढे इतर कंपन्यांनी हीच वाट धरली. म्हणजे आपल्याकडचा गिऱ्हाईक ज्या नावाला बिचकतो, ते नाव त्याचे पैसे वाचवायलाच आलेले आहे. दुकानदार मात्र गालातल्या गालात हसून म्हणतो, "थोडे वरचे द्या, विंडोज टाकून देतो." ते विंडोज चोरीचे असते. आपल्या मुलीच्या शिक्षणाची सुरुवात चोरीच्या मालाने कशाला करायची?

पण आजचा विषय लॅपटॉपच्या खरेदीचा नाही. हा फ्रीडॉस कोणी केला, कसा केला, आणि तीस वर्षे उलटली तरी कोण सांभाळतो, ते मला सांगायचे आहे.

ज्यांनी कॉम्प्युटर फारसा हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणणे, हिशेबाची फाइल डिस्कवर जागेवर ठेवणे, प्रिंटरकडे कागद धाडणे ही सगळी उठाठेव तो करतो. 1981 साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्याबरोबर मायक्रोसॉफ्टचा डॉस आला. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी खूण, आणि आज्ञा आपण टाइप करायची. माउस लागत नसे. बँका, कारखाने, सहकारी पतपेढ्या, शाळांची कार्यालये यांच्यातली निम्मी कारकुनी पुढची कित्येक वर्षे या काळ्या पडद्यावर चालली. फ्लॉपी, ठिपक्यांचा प्रिंटर, आणि त्याची ती करकर ज्यांनी ऐकली आहे ते आता पन्नाशीच्या आसपास असतील.

1994 साली जिम हॉल नावाचा एक विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स येथील शाखेत पदार्थविज्ञान शिकत होता. प्रयोगाची आकडेमोड, निबंध, सगळे तो डॉसवर करी. त्या सुमारास मायक्रोसॉफ्टकडून बातम्या येऊ लागल्या की डॉसचे दिवस भरले, आता पुढे विंडोजच. जिमला ते विंडोज आवडले नव्हते. त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. कंपनी देईल ते निमूट घ्यायचे, नाही तर आपला डॉस आपणच करायचा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली लिनक्स सुरू केले होते आणि अनोळखी माणसे मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम उभी करू शकतात हे तोवर दिसू लागले होते. 29 जून 1994 रोजी जिमने जाहीर निवेदन काढले, की मी सर्वांसाठी मोकळा असा डॉस करायला घेतो आहे, ज्याला जमेल त्याने हात लावावा.

हात लागले. टिम नॉर्मन यांनी आज्ञा वाचणारा भाग लिहिला. पॅट विलानी यांनी डॉसचा गाभा सी भाषेत आधीच लिहून ठेवलेला होता, तो त्यांनी या कामाला देऊन टाकला. 1996 साली त्या गाभ्याची उकल करून दाखवणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. 2011 साली ते वारले, पण त्यांचा गाभा आजही फ्रीडॉसच्या पोटात आहे. बाकीच्यांनी लहान लहान आज्ञा वाटून घेतल्या. फाइलची नक्कल करणारी एकाने, डिस्क तपासणारी दुसऱ्याने, स्मृतीची जागा सांभाळणारी तिसऱ्याने. नोकऱ्या सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे 1.0, निघाली 3 सप्टेंबर 2006 रोजी. बारा वर्षे लागली! मग 2012 साली 1.1, 2016 च्या नाताळात 1.2, 2022 साली 1.3, आणि एप्रिल 2025 मध्ये 1.4.

आता मुद्द्याची गोष्ट. हा डॉस नुसता फुकट आहे म्हणून मी त्याचे कौतुक करत नाही. फुकट तर निवडणुकीत साड्याही मिळतात. या डॉसचा बहुतेक भाग जीपीएल नावाच्या परवान्याखाली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 साली तो परवाना तयार केला. कोणीही प्रोग्राम वापरावा, त्याचा मूळ मजकूर उघडून वाचावा, दुसऱ्याला द्यावा, त्यात सुधारणा करावी. अट एकच. सुधारलेला प्रोग्राम दुसऱ्याला देशील तर त्याचा मजकूरही त्याला उघडा करून दे. म्हणजे विहिरीवर येणाऱ्याने पाणी न्यावे, पण विहिरीवर झाकण घालून कुलूप लावू नये.

ज्ञानाला कुलूप लावणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मराठीत म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाजारात ती खरी असेल. पण तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला सांगितले, की धम्माच्या बाबतीत मी आचार्यमुष्टी ठेवलेली नाही. आचार्यमुष्टी म्हणजे गुरूने सगळे शिकवायचे, पण मोक्याचे तेवढे मुठीत झाकून ठेवायचे. बुद्धांनी ती मूठ उघडली. विस्कॉन्सिनच्या त्या पोराला हे ठाऊक असेल असे नाही, पण त्याने केले ते त्याच जातकुळीचे काम आहे.

झाकलेल्या मुठीचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांच्या देण्यांचे काम आमच्या समितीकडे आले. शिल्लक रजेचे पैसे मिळायचे होते. जुन्या रजेच्या नोंदी एका डॉसवरच्या प्रोग्राममध्ये. कारखान्याचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला, पण कोणा शहाण्या कारकुनाने त्याच्या सगळ्या फाइली एका सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या. त्या कारकुनाला माझा दंडवत! ऑफिसातल्या नव्या विंडोजवर तो प्रोग्राम उघडेचना. चौसष्ट बिटांचे विंडोज असले जुने सोळा बिटांचे प्रोग्राम चालवत नाही. प्रोग्राम लिहून देणाऱ्याचा पत्ता लागला, पण मूळ मजकूर देणार नाही, नवा करून हवा तर इतके पडतील, असे उत्तर आले. तो आकडा ऐकून एक वयस्क कामगार म्हणाले, "साहेब, आमची रजा त्याच्यापेक्षा स्वस्त आहे."

समितीतल्या एका मुलाने जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीडॉस घातला. प्रोग्राम सुरू झाला, नावे दिसली आणि मध्येच अडकला. फार फाइली उघडल्या आहेत अशी तक्रार पडद्यावर आली. मुलाने यंत्राचा नमुना, फ्रीडॉसची आवृत्ती आणि पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा लिहून फ्रीडॉसच्या मंडळींना विचारले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, कुठल्या तरी परदेशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाचे. एफडीकॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये 'फाइल्स' ची ओळ आहे, तिच्यातला आकडा वाढव आणि यंत्र पुन्हा सुरू कर. आणि खाली, हे असे का होते ते चार ओळींत समजावलेले. आकडा वाढवला. प्रोग्राम शेवटपर्यंत चालला. त्या संध्याकाळी एकेका कामगाराची शिल्लक रजा कागदावर उतरली.

त्या माणसाने पैसे मागितले नाहीत. तुम्ही कोण, कुठले, आडनाव काय, तेही विचारले नाही. यंत्र कोणते आणि आवृत्ती कोणती, एवढेच त्याला हवे होते. आपल्याकडे मदतीआधी जे विचारतात त्याची सवय असलेल्याला हे जरा चुकल्या-चुकल्यासारखे वाटते.

या मंडळींची शिस्तही सांगण्यासारखी आहे. 2014 साली मायक्रोसॉफ्टने आपल्या अगदी जुन्या डॉसचा मजकूर अभ्यासासाठी संग्रहालयामार्फत खुला केला. फ्रीडॉसवाल्यांना हे घबाडच वाटले असते. पण त्यांनी उलटे ठरवले, की तो मजकूर वाचलेल्याने फ्रीडॉससाठी लिहू नये. कारण त्या वेळच्या अटी अभ्यासापुरत्या होत्या, आणि उद्या कोणी चोरीचा आळ घेतला तर वीस वर्षांचे काम पाण्यात. पुढे 2018 साली आणि पुन्हा 2024 साली मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्या खरोखर मोकळ्या परवान्याने दिल्या तेव्हा ती अडचण राहिली नाही. दानात मिळालेल्या वस्तूचीही पावती तपासणारे हे लोक आहेत. आमच्या काही मंडळांच्या खजिनदारांनी यांच्याकडे चार दिवस उमेदवारी करावी.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाही तर कोणी उत्साहाने घरचे यंत्र रिकामे करून बसेल. रोजच्या घरकामाला फ्रीडॉस उपयोगाचा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरता येणार नाही. एका वेळी एकच प्रोग्राम चालतो. नव्या यंत्रांच्या चालू होण्याची पद्धतच बदलल्याने तो त्यांच्यावर थेट चढतही नाही, दुसऱ्या सिस्टीमच्या पोटात आभासी यंत्र करून चालवावा लागतो. आणि मराठी? डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे, पण ते विकत घ्यावे लागे. डॉसच्या साध्या अक्षरपटावर अवघी 256 चिन्हे बसतात. आपली जोडाक्षरे त्यात मावत नाहीत. ते काम अजून कोणाची तरी वाट पाहते आहे.

रोजच्या वापराला लिनक्स घ्यावे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली आणि बरीच धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. जिम हॉलवर 1994 साली आली तीच वेळ, आता आपल्या घरांवर. हप्ते भरून घेतलेला कॉम्प्युटर विकून टाकण्याआधी त्यावर लिनक्स घालून पाहावे. तेही मोकळेच आहे.

मग फ्रीडॉस कशासाठी? जुने हिशेब, जुने खेळ, जुनी यंत्रे यांच्यासाठी. आणि माझ्या मते मुख्य म्हणजे शिकण्यासाठी. तो इतका लहान आहे की कॉलेजातले पोर त्याचा एखादा भाग उघडून, वाचून, समजून घेऊ शकते. आजच्या भल्या मोठ्या सिस्टीममध्ये एका माणसाला एक कोपराही धड दिसत नाही. इथे आख्खे घर दिसते. प्रोग्राम लिहिता येत नसेल तरी काम असते. चाचणी घेऊन काय बिघडले ते नीट लिहिणे, मदतीची पाने तयार करणे, भाषांतर करणे, नवख्याला उत्तर देणे.

यात एक खोच आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हे सगळे फावल्या वेळचे काम आहे आणि फावला वेळ ही सुद्धा इस्टेट आहे. ज्याच्या घरात मुलासाठी वेगळी खोली आहे त्याचा मुलगा रात्री बारापर्यंत यंत्र उघडून बसू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपली असताना पडदा लावून बसणाऱ्या पोरीला कोणी तरी म्हणतेच, दिवा बंद कर. या मोकळ्या डॉसचे दार सर्वांना उघडे आहे हे खरे, पण दारापर्यंत यायला आपल्या मुलांना कुठे तरी एक टेबल, एक खुर्ची आणि दोन तासांची शांतता लागणार. ती घरात मिळत नसेल तर समाजाने द्यायला हवी. विहाराला संगमरवरी फरशी बसवण्याचे ठराव आपण एकमताने करतो. अभ्यासिकेच्या विजेच्या बिलावर मात्र दोन बैठका होतात.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत भंगारातून आणलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर त्यावर फ्रीडॉस 1.4 चढवून पाहायचे ठरले आहे. आठवीच्या पुढच्या मुला-मुलींनी यावे, मुलींनी आवर्जून यावे. वही-पेन्सिल आणावी. पडद्यावर जे दिसेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आहे, कारण अडलो तर तेच लिहून पाठवावे लागेल. यंत्राला कीबोर्ड नाही. गोल पिनेचा, जुन्या पद्धतीचा कीबोर्ड कोणाच्या माळ्यावर पडून असेल तर शनिवारपर्यंत अभ्यासिकेत आणून द्यावा.