रमी बंद केलीत. आता पेटीचं काय?

जुलै २०२५ आठवतोय का? तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहातला मोबाईल आणि त्यावरचा पत्त्यांचा डाव, हा व्हिडिओ राज्यभर फिरला होता. मी रमी खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. शेवटी खातं बदललं आणि ते क्रीडामंत्री झाले. त्यावर जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले, मी परत करत नाही.

पुढच्याच महिन्यात केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा आणला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत विषय संपला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम इलेव्हनसारख्या बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. चांगलं झालं. या व्यसनापायी घरं बसलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचं दुःख नाही.

पण मित्रांनो, पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं, त्याचं काय? रमी मोठी माणसं खेळत होती. मागच्या दाराने आत शिरतायत ती आपली पोरं.

मी बोलतोय पेटीबद्दल. मुंबईच्या भाषेतली लाखाची पेटी नव्हे, गेममधली पेटी. इंग्रजीत तिला लूट बॉक्स म्हणतात. आधी पैसे द्यायचे, मग पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब.

उदाहरण म्हणून एक गेम घेतो, म्हणजे हवेत बोलतोय असं होणार नाही. 'वॉर रोबोट्स'. २०१४ मध्ये मॉस्कोच्या पिक्सॉनिक कंपनीने काढलेला, अजून जोरात चालणारा. पुण्यात होस्टेलवर, पीजीत, पीएमपीच्या मागच्या सीटवर पोरं खेळताना दिसतात. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्याकडून मी दोन रविवार बसून शिकून घेतला. गेम न बघता गेमवर लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत, त्यात भर नको.

तर खेळ असा. सहा विरुद्ध सहा. आपल्या ताफ्यात पाच रोबोट ठेवता येतात, एक पडला की दुसरा उतरवायचा. मैदानावर ठाणी असतात, त्यांना बीकन म्हणतात. ती ताब्यात घ्यायची आणि टिकवायची. नुसता गोळीबार करून जिंकता येत नाही.

खरी गंमत ढालवाल्या रोबोटची. गॅलाहॅड नावाचा एक आहे, चपळ, समोर धातूची ढाल. ती मार सोसते, पण सोसता सोसता तुटते. शिवाय ढाल समोर, बाजू उघड्या. मी पहिल्या दिवशी सरळ मैदानात घुसलो तर भाचा ओरडला, "मामा, पाठ दाखवू नकोस! भिंतीच्या कडेकडेने जा, ढाल कायम त्याच्याकडे." दुसरा प्रकार ऊर्जेच्या ढालीचा. ती गोळ्या आणि रॉकेट अडवते, पण प्लाझ्माची तोफ तिच्यातून आरपार जाते. म्हणजे समोरच्याकडे कुठली ढाल आहे ते बघून आपण कुठलं हत्यार जोडायचं, लांबून मारायचं की भिडायचं, कधी माघार घ्यायची, हे सगळं आधी ठरवावं लागतं. याला डोकं लागतं. बुद्धिबळ नसेल, पण वेळ वाया घालवणं एवढंच म्हणून हिणवण्यासारखंही नाही. मला मजा आली, हे सरळ सांगतो.

मग तक्रार काय? तक्रार मैदानाची नाही, मैदानाशेजारच्या दुकानाची आहे.

रोबोट असो की तोफ, प्रत्येकाची पातळी असते. एक ते बारा, त्याच्या पुढे आणखी एक टप्पा. पातळी वाढवायला आधी मिनिटं लागतात, मग तास, मग दिवस. थांबायचं नसेल तर सोनं मोजा, काम लगेच. सोनं हे गेममधलं नाणं, ते रुपये देऊन मिळतं. शिवाय 'ब्लॅक मार्केट' नावाचा विभाग आहे. हे नाव मी दिलेलं नाही, त्यांनीच दिलंय! तिथे किल्ल्या जमवायच्या आणि पेट्या उघडायच्या. एखादीतून भारी रोबोट निघतो, बाकीच्यांतून किरकोळ माल.

आता बघा काय होतं. ढाल कशी धरायची हे तुम्ही सहा महिने घाम गाळून शिकलात. समोर तुमच्याएवढाच खेळणारा पोरगा आहे, पण त्याच्या तोफेची पातळी वरची. तुमची ढाल कागदासारखी फाटते. तुम्ही चुकलेला नसता. तुम्ही फक्त पैसे दिलेले नसतात. आणि नेमकं त्याच क्षणी, राग डोक्यात असताना, पडद्यावर ऑफर येते. एवढे तास शिल्लक. घड्याळ उलटं धावतंय. पोराचा अंगठा कुठे जाणार?

हे फक्त या एका गेमचं नाही. फुकट उतरवता येणारे बहुतेक मोठे गेम याच वाटेने पैसे कमावतात. प्रत्येक खरेदीत ॲप स्टोअर चालवणाऱ्यांचाही साधारण १५ ते ३० टक्के वाटा असतो. त्यामुळे पेटी बंद व्हावी असं त्या साखळीत कुणालाच वाटणार नाही.

आता मला सांगा, याच्यात आणि लॉटरीत फरक काय? फरक आहे, आणि तो लॉटरीच्या बाजूने आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिच्या तिकिटावर किंमत रुपयांत असते, सोडत कधी ते कळतं, बक्षिसं किती ते कळतं. पेटीत तसं नाही. रुपयाचं सोनं, सोन्याची किल्ली, किल्लीची पेटी. चार उड्या मारल्यावर आपण किती रुपये घालवले हे मोठ्या माणसाला सांगता येत नाही, तेरा वर्षांच्या पोराला काय सांगता येणार? किराणा दुकानदाराने "साखरेचे पैसे द्या, पुडीत साखर निघेल किंवा मीठ निघेल, तुमचं नशीब" असं म्हटलं तर आपण त्याचं दुकान डोक्यावर घेऊ. इथे मात्र त्याला मनोरंजन म्हणतात.

"फुकट खेळता येतं की, जबरदस्ती कुठे आहे?" हा पहिला युक्तिवाद येईल. जबरदस्ती मटक्याचीही नव्हती. चिठ्ठी घ्यायला कुणी घरातून ओढून नेत नव्हतं.

"आईबापांनी लक्ष द्यावं," हा दुसरा. याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

धायरीत एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. मोबाईल हाच त्यांचा गल्ला. ऑर्डर त्यावर, पैसे त्यावर. हातात कणीक असते, म्हणून आठवीतला मुलगा गिऱ्हाइकांचे पैसे आले का ते बघतो, सिलेंडरवाल्याला पैसे पाठवतो. म्हणजे त्याला पिन माहीत असणारच. दोन महिन्यांत एका बंदुकांच्या गेममध्ये थोडे थोडे करून अकरा हजार गेले. कधी ८९, कधी १५९, कधी २९९. एवढ्या लहान रकमा गर्दीत कुणाच्या डोळ्यांवर येतात? शाळेची फी भरायला गेल्या तेव्हा कळलं. गेमचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ईमेल केला तर साच्यातलं उत्तर आलं: खरेदी तुमच्याच खात्यावरून झाली आहे.

त्या माझ्याकडे आल्या, पत्रकार म्हणून. म्हणाल्या, "दादा, मी त्याला मारलं. खूप मारलं. पण नक्की चूक कुणाची ते मला सांगा."

पहाटे पाचला उठून दोनशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला "लक्ष द्या" म्हणणाऱ्यांनी एकदा हे उत्तर तिच्यासमोर उभं राहून द्यावं. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा अंगठा कधी घसरतो याचा आकडेवारीने अभ्यास करणारी कंपनी. ही लढत बरोबरीची आहे?

तिसरा गट म्हणेल, सगळे गेमच बंद करा. करून बघितलंय. २०२० मध्ये पबजी बंद केला, तोही मुलांसाठी नव्हे, देशाच्या सुरक्षेसाठी. २०२१ ला तो नाव बदलून आला, २०२२ ला परत अडवला, २०२३ ला परत चालू. पोरांनी एक दिवसही खेळणं सोडलं नाही. आणि हा धंदा आपल्या शहरातही आहे. 'इंडस' हा गेम पुण्यातल्या सुपरगेमिंगने बनवून ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आणला. चित्रं काढणारी, कोडिंग करणारी आपली पोरं त्यात पोट भरतात. सरसकट बंदीने त्यांच्या पोटावर पाय येईल आणि पेटी मात्र परदेशातून येतच राहील.

म्हणून मागणी एकच आणि नेमकी: खेळ राहू द्या, पेटी आवळा.

२०२५ च्या कायद्यात पैशांच्या खेळाची व्याख्या आहे. पैसे किंवा पैज लावायची आणि बदल्यात पैशाचा किंवा तशा लाभाची अपेक्षा धरायची. पैजेत पैसे देऊन घेतलेले कॉइन, टोकनही धरलेत. पण पेटी हा शब्द कुठेच नाही. कंपनी म्हणणार, पेटीतला रोबोट बाहेर विकता येत नाही, मग लाभ कसला? झालं, सुटली. पोराने घातलेला रुपया खरा, मिळालेला रोबोट खोटा, म्हणून कायदा लागू नाही! म्हणजे जिंकण्याची शक्यता असलेला जुगार बंद आणि जिंकून काहीच हातात न येणारा चालू.

बाकीच्या जगाने याचा विचार केलाय. पेट्यांतून तुकडे जमवून मोठं बक्षीस मिळवायचा प्रकार जपानने २०१२ मध्ये बंद पाडला. पेटीत काय निघण्याची शक्यता किती टक्के हे जाहीर करा, असं चीनने २०१७ पासून बंधन घातलं. त्याच वर्षी ॲपलनेही आपल्या स्टोअरवर तोच नियम केला. बेल्जियमने २०१८ मध्ये पेटीला सरळ जुगार ठरवलं. नेदरलँड्समध्येही तसं झालं होतं, पण २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यातून धडा एवढाच की जुन्या कायद्याचा अर्थ ताणून भागत नाही. पेटी हा शब्द लिहून, स्पष्ट नियम करावा लागतो.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा. उलटं धावणारं घड्याळ याच्यात बसतं की नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तपासावं. अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे तर १९०३ पासून, कोलकात्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितल्यापासून, आपल्याकडे ठरलेलं आहे. मग आठवीतल्या पोराने दाबलेलं 'खरेदी करा' हे बटण पक्कं कसं?

तर चार गोष्टी हव्यात. एक, १८ वर्षांखालच्यांना नशिबाची पेटी विकायची नाही. दोन, प्रत्येक पेटीवर किंमत रुपयांत आणि शक्यता टक्क्यांत, मराठीतसुद्धा. तीन, महिन्याच्या खर्चाला मर्यादा, आणि ती वाढवायची तर मोठ्या माणसाची वेगळी परवानगी. चार, मुलाने केलेली खरेदी असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे परत. यात एकही गेम बंद पडत नाही. ज्याचा गेम पेटीशिवाय चालत नाही, त्याने तो गेम आहे असं म्हणूच नये.

पुणे शहराचे खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात मंत्री आहेत. धायरी-खडकवासला सुप्रिया सुळेंकडे, हडपसर अमोल कोल्हेंकडे. तिघेही एकाच पक्षाचे नाहीत, त्यामुळे यात राजकारण शोधू नका. आपल्या भागाच्या खासदारांना या चार ओळी पाठवा. पुण्यातल्या गेम कंपन्यांनीही बोलावं. तुमची पेटी स्वच्छ असेल तर नियमाची भीती कशाला?

आणि ज्यांच्या घरात हे आत्ता घडतंय त्यांच्यासाठी. ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, पाच मिनिटांचं काम आहे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये लहान रकमा बघा, मोठ्या नव्हे. ॲप स्टोअरकडे रिफंड मागा, आणि उत्तर साच्यातलं आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. आम्ही धायरीच्या ताईंची तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र पक्कं आहे. ताई, चूक तुमची नाही आणि पोराचीही फार थोडी. ज्याने हे दुकान मुलांच्या मैदानाला लागून थाटलं त्याची, आणि ते दिसत असून शटर खाली न ओढणाऱ्या सरकारची.