विस्तव हवा, धूर नको

गावी घर बांधताना चुलीला जागा ठेवावी की नाही, यावर हल्ली घरोघरी दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, गॅस आल्यावर चूल कशाला? चूल म्हणजे खोकला आणि बाईच्या डोळ्यांची नासाडी. दुसरा म्हणतो, धुरावाचून भाकरीला चव कसली? शिवाय धुराने वासे किडत नाहीत. चूल म्हटली की धूर आलाच, हे मात्र दोघांनीही न तपासता मान्य केले आहे. माझा विरोध त्या गृहीतालाच आहे.

आपल्या नैयायिकांनी हा वाद कधीच निकालात काढला आहे. धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, असे अनुमान करता येते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे मात्र म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओल्या इंधनाचा संबंध लागतो आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ही अट स्पष्ट सांगितली आहे.

रसायनशास्त्र याला दुजोरा देते आणि थोडी भरही घालते. लाकूड तापले की आधी पाणी जाते, मग ज्वलनशील वायू सुटतात, शेवटी कोळसा उरतो. त्या वायूंना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर त्यांची ज्योत होते. नाही मिळाली तर तेच डांबर आणि काजळी होऊन घरभर पसरतात. म्हणजे धूर हे अर्धवट जळालेले सरपणच. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. जाळाची उष्णता ते पाणी उडवण्यात खर्ची पडते, चूल थंड राहते आणि फुंकणी फुंकून जीव मेटाकुटीला येतो.

पहिल्या पक्षाची काळजी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या इंधनांच्या प्रदूषणाने 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. म्हणूनच गॅस घरात हवाच; चूल सक्तीची असता कामा नये. पण या आकड्यावरून धूर दोषी ठरतो, विस्तव नव्हे. दुसऱ्या पक्षाला माझे सांगणे एवढेच, की भाकरी फुगते ती निखाऱ्यावर आणि वांगे खरपूस होते तेही निखाऱ्यावर. निखाऱ्याला धूर जवळजवळ नसतोच. वाशांना तेल लावता येते, फुप्फुसे बदलून मिळत नाहीत.

मग चूल कशी निवडावी? जळणाखाली जाळी हवी, म्हणजे हवा खालून खेळते. जळणाची जागा आटोपशीर हवी, म्हणजे उष्णता विखुरत नाही. धुराडे आढ्याच्या वर गेलेले हवे. तीन दगडांच्या चुलीत साधारण दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते. भारतीय मानकानुसार सुधारित चुलीत ती किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीत 35 टक्के लागायला हवी. सरपण फोडून, छपराखाली रचून, एक पूर्ण उन्हाळा वाळवावे. त्यासाठी जंगल तोडायला नको. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या, तुराट्या, पऱ्हाट्या, करवंट्या पुरतात. अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब उघड्या पडवीत ठेवावा. त्याची मधली नळी जाळाला ओढ देते आणि भोवतीचे पाणी तापवते.

कोणी म्हणेल, सुधारित चुली तर सरकारने वाटून पाहिल्या. खरे आहे. 1983 पासून जवळपास दोन दशके चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ मोडकळीस आल्या. ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही पहिल्या वर्षानंतर लाभ ओसरला, कारण चुलींची निगा राहिली नाही. यातून चूल वाटून भागत नाही, एवढेच सिद्ध होते. काजळी काढणे आणि भेगा लिंपणे हे काम घराने आपले मानायला हवे, आणि ते एकट्या बाईवर टाकू नये.

सदनिकेत चूल नकोच. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीही नको. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, पण जीव घेतो. ज्यांच्याकडे पडवी आहे, आढे आहे, बांधावरचे जळण आहे, त्यांनी मात्र विस्तवाला घराबाहेर काढू नये. थंडीत चुलीभोवती बसून गरम भाकरी खाण्याचे सुख खरे आहे, आणि ते डोळे न चोळता घेता येते. त्यासाठी घर बांधणाऱ्याने ओट्याच्या फरशीआधी गवंड्याशी धुराड्याबद्दल बोलावे.