पुलाला कठडा हवाच

कॅनडातल्या टोरांटो शहरात डॉन नदीच्या खोऱ्यावर एक भलामोठा पूल आहे. लोक त्याला ब्लूर व्हायाडक्ट म्हणतात. १९१८ साली तो खुला झाला, तेव्हाच रस्त्याखाली रेल्वेसाठी वेगळा मजला करून ठेवला होता. त्यावरून गाडी धावली ती १९६६ साली! म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी येणाऱ्या गाडीसाठी या शहराने आधीच पैसे मोजले.

याच पुलावर पुढे शेकडो माणसांनी जीव दिला. उंच कठडा बांधा, ही मागणी मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी लावून धरली, तेव्हा मात्र खर्चाचा घोळ सुरू झाला. मंजुरी १९९८ची, आणि पोलादी सळ्यांचा कठडा उभा राहिला २००३ मध्ये. विरोधाचा मुद्दा एकच : ज्याला मरायचंय तो दुसरीकडे जाईल.

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? सल्ला केंद्रात ते मी सासरच्यांकडून ऐकलंय, माहेरच्यांकडूनही. ‘तिला मरायचंच होतं हो, कोण काय करणार?’ एवढं म्हटलं की मारहाण, संशय, पैशांची मागणी, रात्री-अपरात्री घराबाहेर काढणं, सगळं पुसलं जातं. आणि बाई वाचली तर ती नाटकी! मरण्याचा विचार पुष्कळदा एखाद्या लाटेसारखा येतो. ती घटका टळली, कुणी जवळ बसलं, की तीच बाई मुलांच्या शाळेचं विचारते, पोटगीचं विचारते.

टोरांटोत कठड्यानंतर पुलावरचे मृत्यू जवळपास थांबले, पण शहरातले अशा तऱ्हेचे एकूण मृत्यू घटले नाहीत, असं २०१० च्या अभ्यासात दिसलं. जास्त वर्षांचे आकडे घेऊन २०१७ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा शहरातलं प्रमाणही उतरलं होतं.

आपल्या गावांमध्ये असे पूल नाहीत, पण घराघरात कीटकनाशक आहे. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तिथेच घरोघरी कुलपाच्या पेट्याही वाटून पाहिल्या. त्यांनी फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. म्हणजे ही जबाबदारी पुन्हा घरातल्या बाईवर ढकलून चालणार नाही.

कठड्याने छळ थांबतो का, असं काही जणी विचारतील. नाही थांबत. पण छळाची तक्रार नोंदवायला ती बाई जिवंत हवी ना?

तेव्हा येत्या शिबिरात बंदीच्या मागणीचं निवेदन तयार करू आणि ते घेऊन कृषी खात्याकडे जाऊ. तोवर सरकारच्या टेली-मानस या मोफत फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक केंद्राच्या भिंतीवर, बचत गटाच्या वहीवर, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.