विरोध विजेला नव्हे, मनमानीला

गावावरून वीजवाहिनी न्यावयाचे ठरले आणि गावकऱ्यांनी नुसते ‘का?’ एवढेच विचारले, की त्यांच्या कपाळी ‘प्रगतीचे शत्रू’ हा शिक्का बसलाच म्हणून समजावे. ‘घरात दिवे हवेत, देवळात जत्रेची रोषणाई हवी, मग मनोरा तेवढा का नको?’ हा सवाल ऐकावयास बिनतोड वाटतो. परंतु गावकऱ्याचा वाद विजेशी नाहीच. मला न विचारता माझ्या कुळागरावरून रेघ ओढण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, एवढाच त्याचा वाद आहे.

हा अधिकार कायद्यानेच दिला, हे खेदाने सांगावे लागते. 2003 च्या वीज कायद्याच्या 164 व्या कलमाने 1885 सालच्या, परकीय अमदानीतील तार कायद्याचे अधिकार वाहिनी उभारणाऱ्यांस देण्याची सोय केली. जमीन संपादन करावयास नको, मालकाची संमतीही नको. हानीची भरपाई दिली की काम संपले. ज्या प्रकल्पांस पर्यावरणविषयक मंजुरी हवी, त्यांची यादी 2006 च्या अधिसूचनेत आहे. तीत वीजवाहिन्यांस स्थान नाही. तेव्हा त्या मंजुरीपूर्वीची जनसुनावणीही नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव मालकाचे राहते, पण तारांखाली त्याला घर बांधता येत नाही की माड लावता येत नाही. याला मालकी म्हणावयाचे काय?

आता मोलेचे उदाहरण घ्या. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यात यावयाची 400 किलोव्होल्टची वाहिनी, तांबडी सुर्लाच्या महादेवाला ज्या अरण्याने शतकानुशतके कुशीत घेतले, त्याच मोलेच्या रानातून नवी वाट पाडणार होती. 2020 साली लोक उठले. त्यांना हिणवण्यात आले. पुढे 2021 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने सांगितले, की नवी वाट नको, 220 किलोव्होल्टच्या जुन्या वाहिनीचाच पट्टा वापरावा. 2022 साली न्यायालयाने हे मत ग्राह्य धरले. जुना पट्टा काही त्या दिवशी उगवला नव्हता! मग लोकांनी आरडाओरडा करीपर्यंत तो कोणास का दिसला नाही?

परंतु हा सवाल दुसऱ्यास करणाऱ्याने स्वतःसही एक सवाल करावा. गोव्याची बहुतेक सारी वीज बाहेरून येते. त्यातील मोठा वाटा छत्तीसगडातील कोरब्यासारख्या ठिकाणच्या कोळशाचा. या वाहिनीच्या प्रकल्पाला ‘गोवा-तमनार’ हे नाव आहे, आणि ते तमनारही छत्तीसगडच्या कोळसापट्ट्यातीलच गाव. आपला दीपोत्सव उजळतो तेव्हा तिकडे कोणाच्या तरी तुळशीवर राख पडते. ‘आमच्या वाड्यावरून नको, पलीकडच्या वाड्यावरून न्या’ एवढ्यावरच जो विरोध थांबतो, तो न्याय नव्हे, शुद्ध आप्पलपोटेपणा होय.

म्हणून मागणी एकच, आणि ती सर्व गावांसाठी: रेघ नकाशावर पक्की होण्यापूर्वी ती ग्रामसभेपुढे आली पाहिजे, पर्यायी मार्ग, त्यांचा खर्च आणि जाणारी झाडे यांच्या हिशेबासह. देवस्थानांच्या महाजनांनीही केवळ देवराईपुरते न बोलता या मागणीमागे उभे राहावे. विचारून आलेला मनोरा गाव कदाचित सहन करील. न विचारता आलेल्याला तो अडवील, आणि अडवावेच.