मुडदुशीच्या तोंडचा घास

रविवार उजाडला की नायगावच्या खाडीकाठी, पाचूबंदरला, अर्नाळ्याच्या वाळूवर गळ घेऊन बसलेली माणसे दिसतात. त्यांत बहुतेक आपल्यासारखीच. कोणी कारखान्यात, कोणी महापालिकेत, कोणी रिक्षावर. आठवड्याची एक सुट्टी, घरी दोन पोरे आणि संध्याकाळी कालवणाला चार मुडदुशा मिळाल्या तर सोने. बाजारात मुडदुशीचा वाटा घ्यायचा म्हणजे पाकिटाकडे दोनदा पाहावे लागते. मांस मऊ, काटे फार नाहीत, म्हणून लहान मुलांना आणि तापातून उठलेल्या माणसाला ती हमखास देतात. तेव्हा गळाला आमिष काय लावावे, हा विषय दिसतो तेवढा हलका नाही. दिवस फुकट जाणार की घरात मासळी येणार, हे त्यावर ठरते.

या मासळीला कोणी मुडदुशी म्हणतात, कोणी रेणवी. इंग्रज तिला लेडीफिश म्हणत, इंग्रजी पुस्तकांत ती इंडियन व्हाइटिंग. युरोपातल्या व्हाइटिंगशी मात्र तिचे नाते नाही. ती कॉडच्या कुळातली, आपली मुडदुशी वेगळ्या कुळातली. पीटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाने तांबड्या समुद्राच्या काठी तिचे वर्णन लिहून ठेवले. तो 1763 साली येमेनमध्ये वारला आणि त्याचे लिखाण 1775 साली छापून निघाले. आज शास्त्रात तिचे नाव सिलागो सिहामा.

नावापेक्षा तिचे तोंड पाहा. थोबाड निमुळते, तोंड बारीक. ती तळाशी वाळूत हुंगत फिरते आणि किडे, बारीक कोळंबी, लहान शिंपले टिपते. भय वाटले तर वाळूत घुसून बसते. यातून तीन गोष्टी उघड होतात. आमिष लहान हवे, ते तळाला टेकलेले हवे, आणि त्या वाळूत ती रोज जे खाते त्यातलेच हवे. मोठ्या गळाला अख्खी कोळंबी लावून बसणारा माणूस खेकड्यांना जेवण घालतो. गळ 8 किंवा 10 नंबरचा पुरे. नंबर वाढला की गळ बारीक होतो, हे दुकानात लक्षात ठेवावे. तंगूस बारीक, शिसे हलके, आणि शिशापासून गळापर्यंत दीड-दोन फूट मोकळी दोरी.

आमिषांत पहिला मान चिखलातल्या किड्याचा. गांडुळासारखा लांब, पण अंगाला दोन्हीकडे बारीक पाय. ओहोटीला ओल्या चिखलवाळूत खुरप्याने उकरले की सापडतो. त्याला गोडे पाणी लावू नये, मरतो. ओल्या वाळूत, भोके पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवावा. काही किडे चावतात आणि सगळेच निसटतात, म्हणून बोटांना कोरडी वाळू लावून धरावा. इंचभर तुकडा डोक्याकडून गळात ओवावा आणि शेपटीचा थोडा भाग हलता सोडावा.

किडे मिळाले नाहीत तर कोळंबी किंवा करंदी. डोके, साल काढून नखाएवढे तुकडे करावेत. आदल्या रात्री मीठ चोळून ठेवले तर मांस आवळते आणि गळावरून लवकर सुटत नाही. तिसरीचे मांस चांगले चालते, पण मऊ असते. तिलाही मीठ लावावे किंवा शिवणाच्या दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत. माकुलाची काडीसारखी पट्टी कापून सुरीच्या पाठीने ठेचली तर बारीकसारीक मासे कुरतडत असतानाही टिकते. बागेतले गांडूळ खाऱ्या पाण्यात लवकर लिबलिबीत होते, म्हणून ते शेवटचा पर्याय.

वेळेचे गणित तिथीवरून जमते. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास येते. पुढे दररोज ती साधारण पाऊण तासाने उशिरा होते. सकाळी किडे काढावेत आणि पाणी चढू लागले की गळ टाकावा. नुकत्याच बुडालेल्या वाळूवर मासळी चरायला येते. मात्र हे उधाणाचे पाणी असते. उतरलेल्या चिखलात दूर गेलात, तर समोर कोरडे दिसत असतानाच पाठीमागची नाळ भरून जाते. पोरांना बरोबर न्या, पण चिखलात पुढे नेऊ नका.

उत्तम आमिष कोणते, हे ओळखण्याची खात्रीची जागा घरातच आहे. मासळी साफ करताना तिच्या पोटात काय निघाले ते पाहावे. किडे निघाले तर पुढच्या वेळी किडे, कोळंबी निघाली तर कोळंबी. विळीवर बसणाऱ्या बाईला हे आधीच ठाऊक असते, तिला कोणी विचारत नाही एवढेच. तिला विचारा. आणि अधूनमधून स्वतः विळीवर बसा, त्याने पुरुषाचे काही झिजत नाही.

शेवटी एक गोष्ट आम्हांस आवर्जून सांगायची आहे. ज्या चिखलात आपण सुट्टीच्या दिवशी खुरपे घेऊन उतरतो, तिथेच ओहोटीला कमरेत वाकून बाया तिसऱ्या आणि कालवे वेचत असतात. आपल्याला पहिल्या तारखेला पगार मिळतो, त्यांचा पगार त्या चिखलातून निघतो. आमिषासाठी मूठभर शिंपले पुरतात, तिथे पिशवी भरून नेणे म्हणजे कष्टकऱ्याने कष्टकऱ्याच्या ताटात हात घालणे. हवे असतील तर त्यांच्याकडून विकत घ्यावेत, घासाघीस न करता. उकरलेला खड्डा बुजवावा. तिवरांच्या मुळांशी खणू नये. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि 2018 च्या निकालाने ती पक्की केली, पण कायदा नसता तरी मासळीची पिले त्याच मुळांत वाढतात, हे कारण पुरेसे होते. बोटाएवढी मुडदुशी गळाला लागली तर ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडावी. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा, त्यात पाखरांचे पाय अडकतात.

मुडदुशीला फसवायला चिमूटभर आमिष लागते. माणसाने मात्र त्या चिमटीपुरतेच घ्यावे, म्हणजे खाडी पुढच्या रविवारीही आपल्याला काहीतरी देईल आणि तिच्यावरच पोट असलेल्यांना रोज देईल.