काटकसर कोणाच्या पलटणीवर?

दरवर्षी १ जानेवारीला नंदुरबार, शहादा, तळोद्याकडून आपली माणसे भीमा कोरेगावला जातात. परत आल्यावर आठवडाभर मोबाईलवर तीच लढाई चालते. विरोधक म्हणतात, तुम्ही इंग्रजांचे भाडोत्री. आपल्यातले काही उत्तर देतात, इंग्रजांनीच आम्हाला माणूस मानले. आमचे म्हणणे असे की दोघेही १८१८ वरच थांबतात. १९२१ कोणी वाचत नाही.

१८९२ मध्ये इंग्रजांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचे एक थोतांड त्यांनी उभे केले आणि त्यात आपल्याला जागा ठेवली नाही. बाबासाहेब तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. रामजी सुभेदारांच्या पिढीला लष्करात पगार, पेन्शन आणि मुख्य म्हणजे शाळा मिळाली होती. ते दार पुढच्या पिढीला बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सरकार हलले नाही. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा मात्र हलले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती दुसऱ्या पलटणीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडली. कारण दिले काटकसरीचे!

आता ही काटकसर तपासू. त्याच काळात गोऱ्या पायदळ रेजिमेंटांची पद्धत अशी होती : एक पलटण मायदेशी, दुसरी परदेशी. परदेशी म्हणजे बहुतेकदा हिंदुस्थानात, वर्षानुवर्षे. १९३० च्या सुमारास असे सुमारे ६० हजार गोरे सैनिक इथे होते. त्यांचा पगार, बराकी, प्रवास आपल्या तिजोरीतून. एवढेच नव्हे, त्यांना विलायतेत भरती करून शिकवल्याचा खर्चही डोईमागे हिंदुस्थानच भरत होता. त्यावर बरीच वर्षे वाद झाला, तेव्हा कुठे १९३३ मध्ये ब्रिटनने वर्षाला १५ लाख पौंडांचा हिस्सा उचलला. गोरा शिपाई देशी शिपायाच्या कितीतरी पट महाग पडे. तरी मोडली कोणाची पलटण? स्वस्तातली.

आपल्या खानदेशातही हा हिशेब नवा नव्हता. १८२५ मध्ये औट्रमने सातपुड्यातल्या भिल्लांना आवरायला भिल्लांचीच 'भिल्ल कोअर' उभारली. गरज सरल्यावर ती पोलिसांत विरघळली. आदिवासी आणि दलित, दोघांच्या शौर्याची किंमत गरजेपुरतीच.

म्हणून 'इंग्रजांनी मान दिला' हे वाक्य आपण सोडावे. आणि 'भाडोत्री' म्हणणाऱ्यांना विचारावे, गावात ज्याला पाणवठा बंद होता, त्याने शिपाईगिरी सोडून कोणता इज्जतीचा रोजगार करायचा होता? तुमच्या पेशवाईने त्याला कोणता दिला होता?

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी गेले, तेव्हा महार पलटण मोडून सहा वर्षे झाली होती. पुढेही भरतीची मागणी त्यांनी हक्क म्हणूनच लावून धरली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर ते आले आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. अर्थात, तेव्हाही दुसरे महायुद्ध चालू होते आणि सरकारला माणसे कमी पडत होती.